सातवं फडकं

आक्का, तू गेलीस हे मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. तिकीट फाडता फाडता. "फिटर, बिरोबाच्या माळावरची म्हातारी गेली म्हनं मंगळवारी," एवढं बोलून तो पुढच्या सीटकडे सरकला. रविवार होता. माझ्या पिशवीत पंपाचे दोन नवे वायसर होते आणि तुझ्या मशेरीसाठी तंबाखूची पुडी. मोडनिंब आलं, लोक उतरले, आणि मी बसूनच राहिलो. पार टेंभुर्णीला जाऊन उतरलो आणि परतीची गाडी धरून सोलापूरला घरी आलो.

म्हणजे तुझ्या मातीलाही मी नव्हतो आणि त्या रविवारीही आलो नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "फिटर भ्यालं." भ्यालोच होतो. पाच वर्षांमागं मी तुझ्याशी एक खोटं बोललो होतो आणि ते तसंच राहून गेलं. तुझ्या दारात उभं राहायचं तर ते घेऊनच उभं राहावं लागणार होतं.

लोक मला विचारतात, गिरणीतला फिटर मेंढरांच्या माळावर काय करत होता? तुला ठाऊकच आहे, तरी सांगतो. तुला माझ्या तोंडून तीच तीच गोष्ट ऐकायला आवडायची आणि मधे मधे "खोटं बोलतोय" म्हणायलाही आवडायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर शहरातल्या एका संस्थेच्या मनात आलं, की विजेचे खांब येतील तेव्हा येतील, तोवर पवनचक्की उभारून वाऱ्यावर पाणी ओढावं. कॉलेजातले एक प्रोफेसर नकाशा काढून मोकळे झाले. त्यांना लोखंड कापणारा, भोकं पाडणारा माणूस हवा होता, आणि मला रविवारी घरात बसवत नव्हतं. असा मी तुमच्या वस्तीवर आलो. सहा घरं शेतकऱ्यांची, मधोमध जुनी विहीर, आणि जरा बाजूला सातवं घर तुझं. तुला शेत नव्हतं. साठ मेंढरं, पाचसहा शेरड्या, निम्मं वर्ष कळप घेऊन बाहेर असणारा मुलगा आणि घरात सून, सुंदरा.

पहिल्याच दिवशी तू आमची फजिती केलीस. प्रोफेसर विहिरीजवळ हातात वारा मोजायचं यंत्र धरून उभे होते. तू काठी टेकून बराच वेळ बघत राहिलीस आणि मग मला म्हणालीस, "मेंढरं कुटं बसल्यात बघ की. जितं मेंढरू बसतंय तितं वारं न्हाय." खरंच, विहिरीच्या पश्चिमेला बाभळीची रांग होती आणि तिच्या आडोशाला तुझा सगळा कळप निवांत रवंथ करत बसला होता. प्रोफेसरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मनोरा दहा फूट वाढवला. मला तुझा रागच आला, कारण वाढीव लोखंड मलाच कापायचं होतं.

चक्कीला हात सहा. प्रत्येक हाताला एक कापडी शीड. प्रोफेसर शीड म्हणायचे, तुमच्या वस्तीवर पहिल्या दिवसापासून ते फडकं. कापड मी आमच्या पूर्व भागातल्या मल्लय्याकडून मागावर मुद्दाम जाड विणून घेतलं होतं. तरी त्यातून वारा निसटत होता. मग मी गिरणीवाल्याचं डोकं चालवलं. सुताला देतात तशी चिंचोक्याची खळ दिली, दाट, दोन्ही बाजूंनी, दोन-दोनदा. वाळल्यावर फडकी अशी कडक झाली की मी खूश होऊन प्रोफेसरांना टिचकी मारून दाखवली. वारा फार झाला की फडकी उतरवायची आणि मनोऱ्याखाली फळीवर रचून ठेवायची, अशी शिस्तही मीच घालून दिली.

पुढच्या रविवारी येऊन बघतो तर दोन फडकी निम्मी गायब, आणि तुझी काळी शेरडी फळीवर पुढचे पाय टेकून तिसऱ्याचा कोपरा चघळतेय. डोळे अर्धे मिटून. तू दहा पावलांवर बसलेली.

"आक्का, तुझी शेरडी माझं कापड खायलीय."

"कापड कशाला खातीया. खळ खातीया ती. चिंचुका लावलास न्हवं?"

"तुला ठाऊक होतं?"

"आमी नवं घोंगडं कदी भुईवर ठेवतो व्हय? इननारा सणगर खळ देतोय, शेरडं वास काढत येत्यात. बारक्या पोरीला बी ठावं हाय."

"मग आठ दिवस सांगायला काय झालं होतं?"

"तू इचारलंस कुटं? तू लई मोठा कापडवाला."

माझं डोकंच फिरलं. आयुष्य खळीच्या वासात गेलेला माणूस मी, आणि मला एका शेरडीनं शिकवावं. सगळी वस्ती गोळा झाली होती आणि हसत होती. मी ओरडलो, की तारेचं कुंपण घालतो, एक शेरडू आत येऊ देणार नाही. तू शांतपणे म्हणालीस, "घाल की. मग मेंढरं पानी पेयाला कुटं न्हेऊ ते बी सांग." त्या दिवशी तू मला जेवायला बोलावलं नाहीस. मी मोडनिंबपर्यंत उपाशी चालत आलो, दर दहा पावलांना तुला शिव्या घालत.

पण कुंपण पडलं नाही, ते तुझ्यामुळं. पुढच्या खेपेला तूच म्हणालीस, "सा फडकी, सा घरं. ज्यानं त्यानं आपलं घरी न्ह्यावं की. सांजच्याला उतरवायचं, सकाळच्याला आनून बांधायचं. आपलं म्हनल्यावर मानूस राखतंय." प्रोफेसरांना वाटलं हे चार दिवस चालेल. ते अजून चाललंय. मला अजून ती सकाळ दिसते. मी पहिल्या गाडीनं येऊन पोचायचो तेव्हा सहा घरांतून सहा माणसं खांद्यावर घडी टाकून यायची. कुणी बाई असायची, कुणी म्हातारा. एकेक फडकं चढायचं, दोऱ्या ओढल्या जायच्या, आणि आषाढातला तो वारा असा यायचा की सगळं चाक एकदम अंग झाडून उठायचं. पंपाचा दांडा खालीवर व्हायला लागला की तू मेंढरांतूनच म्हणायचीस, "लागलं बग." रोज बघत होतीस तरी रोज म्हणायचीस.

मी गिरणीत सहा दिवस जे ऐकतो तो नुसता आवाज असतो. तुमच्या चाकाचा आवाज मला आवडायचा. तुला सांगितलं नाही कधी. तू चेष्टा केली असतीस.

आता त्या खोट्याकडं येतो.

घरोघरी फडकी गेली आणि त्यातून आपोआप एक रीत पडली. कुणी ठरवली नाही, कागदावर आली नाही. ज्याचं फडकं त्याची पाण्याची पाळी, आणि ज्याचं फडकं त्याला महिन्याच्या मिटिंगला तोंड. मिटिंग बिरोबाच्या देवळापुढच्या फरशीवर व्हायची. सहा घरं फरशीवर, आणि ज्या बाईनं ही सगळी युक्ती काढली ती खाली, मेंढरांत. तुझ्या मेंढरांना पाणी कुणी तोडलं नाही, हे खरं आहे. हौद भरला की ती पीत होती. पण ज्याची पाळी असेल त्याला आधी विचारावं लागायचं.

एक दिवस मी आसाला वंगण लावत होतो. तू मनोऱ्याच्या पायाशी येऊन उभी राहिलीस.

"फिटर, मला बी एक फडकं पायजे."

"हात सहाच आहेत आक्का."

"सातवा लाव की."

"कशाला? पाणी तर मिळतंय तुला."

"मागितलं की मिळतंय. मागावं लागतंय न्हवं?"

मी वरून खाली बघितलं. आणि म्हणालो, "सात हात बसत नाहीत. तोल जातो. आकडा समच लागतो, नाहीतर चाक मोडून कुणाच्या तरी डोक्यात पडेल. इंजिनेरिंग आहे ते."

"आसं?"

"असंच."

"बरं," म्हणालीस आणि मेंढरांकडं गेलीस.

आक्का, खोटं होतं ते. सात हात बसतात. पाचही बसतात, नऊही बसतात, सारख्या अंतरावर लावले की झालं. सहाच का, तर मधली लोखंडी तबकडी आखताना डिव्हायडरनं वर्तुळ काढायचं आणि तोच डिव्हायडर, टोकांमधलं अंतर न बदलता, कडेनं फिरवायचा, बरोबर सहा खुणा पडतात. डोकं लागत नाही. सात पाडायचे तर मोजायचं, पुसायचं, पुन्हा मोजायचं, नवी तबकडी, सगळी भोकं नव्यानं. माझे दोन-तीन रविवार गेले असते. आळस केला मी, सरळ आळस.

आणि आळसाच्या मागं दुसरंही होतं. तुझ्या मागण्याची वस्तीवर कुजबुज होतीच. खालच्या घरच्या तात्यानं मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "म्हातारीला फडकं दिलंत की उद्या पाळी मागंल, परवा मिटिंगला येऊन बसंल." तात्या म्हणजे वस्तीतलं मोठं खातं, सगळ्यात जास्त जमीन त्याची. मला वाटलं, आपण बाहेरचे, कशाला यांच्यात पडा. दोन्ही गोष्टी मी 'इंजिनेरिंग' या एका शब्दात गुंडाळून तुझ्या हातात दिल्या. तुला तो शब्द येत नव्हता म्हणून दिल्या. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढं तात्याचंच शेजारच्या सावळ्याशी बांधावरून वाजलं. तात्यानं फडकं घरात ठेवलं. उरलेल्या पाच फडक्यांवर चाक सोडलं तर सगळा मनोरा थरथरायला लागला. मी आलो, बघितलं आणि चक्की बंद ठेवा म्हणालो. ऐन उन्हाळा, भाजीचे वाफे वाळायला लागलेले. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि तू हौदापासून म्हणालीस, "त्याच्या समोरचं बी काढ की."

"काय?"

"घोड्यावर वझं एका अंगाला झालं तर आमी काय करतो? दुसऱ्या अंगाचं बी उतरवतो. न्हायतर मग समद्यांत सारकं वाटून बांदतो."

समोरचं फडकं निघालं सावळ्याचंच. तू त्याला म्हणालीस, "चार दिस ठेव घरात. तुजं काय जात न्हाय." त्यानं मुकाट्यानं उतरवलं. चार फडक्यांवर चाक हळू का होईना, सुरळीत फिरायला लागलं. तिसऱ्या दिवशी तात्या स्वतः फडकं घेऊन आला म्हणे. दोन्ही फडकी पुन्हा चढली आणि भांडण कुणी मिटवलं हे मिटिंगमध्ये कुणाच्या तोंडून आलं नाही. माझ्याही नाही.

मला मात्र 'सारकं वाटून बांदतो' लागलं होतं. ते म्हणताना तू घोड्याबद्दल बोलत होतीस, पण बघत माझ्याकडं होतीस. जिला एवढा तोल कळतो तिला सात हातांचं कळणार नाही होय? मी स्वतःला सांगितलं की नसेल कळलं. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो.

त्यानंतर तर तू मला दर रविवारी जेवू घातलंस. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा, असलं तर ताक. तुझ्या घोंगड्यावर बसवायचीस, टोचतं म्हणून मी चुळबुळ केली की म्हणायचीस, "गिरनीतली चादर न्हाय ती, बस गप." माझ्या बायकोची चौकशी करायचीस, माझ्या खोकल्यावर ओरडायचीस. माझी आई लवकर गेली. चाळिशी ओलांडल्यावर कुणीतरी आपल्याला दटावून खायला घालतंय याचं सुख काय असतं, हे मी तुझ्या दारात शिकलो. आणि दर रविवारी ते खोटं तसंच घेऊन परत यायचो.

डोळे दाखवायला तू सोलापूरला आलीस, दोन दिवस आमच्या चाळीत राहिलीस. पहाटे गिरणीचा भोंगा झाला तर दचकून उठलीस, "कोन वरडतंय रं?" मी म्हणालो, "मालक बोलावतोय." "रोज आसा वरडतोय? आनि तू जातोयस?" त्यावर माझी बायको इतकी हसली की चहा उतू गेला. तुला गिरणी दाखवायला नेलं. माग धडधडत होते, तू कानांवर पदर घट्ट धरून उभी, आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "एवढ्या कापडात आपल्या चक्कीला किती फडकी व्हत्याल?" स्टँडवर तुला सोडायला आलो तेव्हा सांगणार होतो. शप्पत सांगतो, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात गाडी लागली, लोक घुसले, मी तुझ्यासाठी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली, आणि तू आत बसल्यावर मी नुसता हात हलवला. तू म्हणालीस, "काय सांगायलास का?" मी म्हणालो, "काही नाही, नीट जा."

टेंभुर्णीहून पळून आलेल्या त्या रविवारनंतरचा रविवार आला. या वेळी मोडनिंबला उतरलो. माळ तसाच होता. चाक फिरत होतं, मला तेही बरं वाटलं नाही. सुंदरा हौदाशी मेंढरांना पाणी दाखवत होती. "या मामा," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं.

"सुंदरा, मी आक्काशी खोटं बोललो होतो. सात हात बसतात."

तिनं डोळे पुसले. "ठावं हाय."

"तुला?"

"आत्यास्नी बी ठावं व्हतं. तुमी सांगितल्यालं त्याच हप्त्यात बाजारला गेल्या आन सुताराला इचारून आल्या, सात आऱ्यांचं चाक व्हतंय का. त्यो म्हनला, न व्हायाला काय झालं, आखनी नीट पायजे."

"मग मला बोलली का नाही?"

"मी लई येळा म्हनलं, सांगा की त्यास्नी. तर म्हनायच्या, लबाड बोललाय त्ये त्याचं त्याला ठावं हाय. म्हनून तर हप्त्याला येतोय. सांगंल कदी तरी."

पाच वर्षं, आक्का. पाच वर्षं दर रविवारी तू माझ्यापुढं भाकरी ठेवत होतीस आणि वाट बघत होतीस. एकदा तरी तोंडावर बोलायचं होतंस. माझी काळ्या शेरडीवरून लाज काढलीस तशी काढायची होतीस सगळ्या वस्तीपुढं. मला तुझा राग येतो. रडूही येतं आणि रागही येतो, आणि दोन्हीत मला तुझंच बरोबर वाटतं.

मी तिथंच पिशवीतून सुतळी काढली आणि मनोऱ्यावर चढून तबकडीचं माप घेतलं. खालून तात्या बघत होता. "काय करायलाय फिटर?"

"सातवा हात."

"मिटिंगला इचारलंय का?"

"खोटं बोलताना नव्हतं विचारलं," मी म्हणालो. तात्या निघून गेला. एवढंच होतं ते. एवढ्याला मी पाच वर्षं भ्यालो होतो.

तबकडी गिरणीच्या वर्कशॉपात जेवणाच्या सुट्टीत केली. सुतळी तबकडीभोवती गुंडाळली, सरळ केली, सात भाग केले. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा बसलं. मल्लय्यानं कापड विणलं, कोणासाठी ते ऐकल्यावर मागावर स्वतः बसला. खळ नाही दिली. काल रविवार होता. जुनी तबकडी उतरवली, नवी चढवली, हात बसवले. सावळ्या वर आला मदतीला. तात्याही आला, त्यानं दोरी धरली.

सातही फडकी बांधली आणि चाक सोडलं. फिरलं ते. तोलात फिरलं. मी खाली बसून घेतलं.

संध्याकाळी फडकी उतरली. सातव्याची घडी घालून मी सुंदराच्या हातात दिली. तिनं ती छातीशी धरली आणि हळू आवाजात विचारलं, "मामा, म्हंजी आता मिटिंगला मी फरशीवर बसायचं? बोलायचं बी?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच म्हणालो. दुसरं काही लागलं नाही. हा हो तुझा होता आक्का, आणि मी तो खिशात ठेवून पाच वर्षं तुझ्या घरी जेवत होतो.